कागदाची घडी : खेळ, व्यायाम कीं काम ?

मराठी भाषेंत ‘घडी’ हा शब्द फार राबलेला आहे. धोतराची घडी असते, पागोट्याची घडी असते, संसाराची घडी बसते आणि कधीं विसकटतेहि. पालखीपुढें अंथरतात त्या पायघड्याच. ह्या सर्व उपयोगांत एक समान कल्पना आहे. पसरलेली वस्तु नेटकेपणानें आवरून ठेवावयाची, पण ती मोडावयाची नाहीं; हवी तेव्हां ती पुन्हा उलगडतां आली पाहिजे. कापण्यानें वस्तूचे तुकडे होतात, चिकटविण्यानें तिला परकी वस्तु जोडली जाते. घडीमध्यें मात्र वस्तु तीच राहते आणि रूप तेवढें पालटतें. बालशाळांतून ‘कागदकाम’ ह्या नांवाखालीं जी घडी शिकविली जाते, तिला हा अर्थ कितपत उरला आहे, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही एक जुनी घडी, एक जुनें पुस्तक आणि एक जुना वाद असे तीन विषय परीक्षेस घेतले आहेत.

घडी आहे ती भिरभिऱ्याची. ती अनेक वाचकांच्या हातून लहानपणीं गेली असेल. चौरस कागदाच्या दोन समोरासमोरच्या कडा मधल्या रेषेवर आणाव्या. मग उरलेल्या दोन कडाहि तशाच आणाव्या. आणि आंत दडलेले चारहि कोपरे बाहेर ओढून घ्यावे, कीं मध्यबिंदूशीं जुळलेल्या चार त्रिकोणी पाकळ्या तयार होतात. येथवर कोणतीच वस्तु झालेली नसते. परंतु येथून पुढें वाटा फुटतात. चारहि पाकळ्या एकाच दिशेनें कलविल्या कीं भिरभिरें झालें. त्या दोन-दोन समोरासमोर ठेवून कागद मधोमध मोडला कीं जोडहोडी झाली. चारहि उभ्या करून पालथें घातलें कीं चौरंग उभा राहिला. आणि प्रत्येक पाकळी उघडून चपटी बसविली, तिचे कोपरे पुन्हा आंत-बाहेर मोडले, कीं अंगणांतल्या रांगोळीसारख्या आकृति एकामागून एक निघूं लागतात. एका पायावर इतकीं घरें उभीं राहणारी दुसरी घडी आम्हांस माहीत नाहीं. बालशिक्षणाच्या इतिहासांत तिला मान मिळाला तो ह्याच गुणामुळें.

हा मान तिला देणारा पुरुष फ्रीडरिश फ्रोबेल होय. त्याचा जन्म १७८२ चा. बर्लिन येथें वाइस नांवाच्या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यानें स्फटिकांच्या संग्रहावर काम केलें होतें, आणि स्फटिकाची नियमबद्ध वाढ हें त्याच्या सर्व विचाराचें बीज होतें. १८३७ सालीं त्यानें ब्लांकेनबुर्ग ह्या लहानशा गांवीं बालकांच्या खेळासाठीं संस्था काढली आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. लोंकरीचे चेंडू, लांकडी गोल आणि घन, ठोकळे, पाट्या, काड्या अशीं क्रमवार साधनें त्यानें योजिलीं, आणि त्यांच्या जोडीला विणणें, टोंचणें, मातीकाम व कागदाच्या घड्या हे व्यवसाय ठेवले. प्रत्येक साधनांतून मुलानें तीन प्रकारचीं रूपें काढावीं अशी त्याची अपेक्षा होती : व्यवहारांतील वस्तूंचीं जीवनरूपें, सौंदर्यरूपें आणि ज्ञानरूपें. भिरभिऱ्याची घडी ह्या तिन्ही कसोट्यांस उतरते. होडी व चौरंग हीं जीवनरूपें. पाकळ्यांच्या नक्षा हीं सौंदर्यरूपें. आणि कागद उलगडल्यावर त्यावर उमटलेलें रेषांचें जाळें हें ज्ञानरूप.

तथापि फ्रोबेलनें ही घडी शून्यांतून निर्माण केली असें समजण्याचें कारण नाहीं. युरोपांत जेवणाच्या मेजावरील वस्त्रांना नाना आकारांच्या घड्या घालण्याची कला त्याच्या जन्मापूर्वींच नांवारूपाला आलेली होती. जर्मन मुलुखांत नामकरणाच्या प्रसंगीं धर्ममातापित्यांनीं बालकास द्यावयाचें पत्रहि चारी कोपरे मध्याशीं आणून दुमडण्याची रीत होती, आणि त्याच्या घडींत नाणें ठेवीत. आपल्याकडे वाण्याच्या पुडीला आणि ओटीच्या पदराला जें स्थान, तेंच त्या पत्राला तेथें होतें. इकडे जपानांत कागदाच्या घडीचें स्वतंत्र कुळ नांदत होतें. एकमेकांस जोडलेल्या बगळ्यांच्या घड्या सांगणारें पुस्तक तेथें १७९७ सालींच छापलें गेलें. १८७६ सालीं टोकियो येथें फ्रोबेल-पद्धतीची बालशाळा निघाली, तेव्हां हीं दोन कुळें एकमेकांत मिसळलीं. म्हणून ‘कागदाच्या घड्या जपानी’ किंवा ‘कागदाच्या घड्या जर्मन’ असे दोन्ही दावे आम्हांस सारखेच अपुरे वाटतात. लोकांनीं केलेली वस्तु शाळेनें उचलली आणि तिला क्रम दिला, एवढेंच खरें.

पण क्रम देतांना शाळेनें एक हानिहि केली. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें बालोद्यानांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० सालीं. मधल्या आणि पुढल्या काळांत ही पद्धति देशोदेशीं नेली ती त्याच्या शिष्यांनीं, त्यांतहि मारेनहोल्ट्स-ब्यूलो ह्या बाईंनीं विशेष. शिष्यांचा नेम असा कीं गुरूचें जें सांपडेल तें जपावें. त्यामुळें साधनांना अनुक्रमांक लागले, घड्यांच्या पाठमाला छापल्या गेल्या, आणि ‘उजवा कोपरा डाव्या कोपऱ्यास लावा, आतां रेघ दाबा’ अशा शब्दांवर सगळा वर्ग एका हातानें हलूं लागला. स्फटिकाची वाढ त्याच्या आंतल्या नियमानें होते. ही वाढ बाहेरून होऊं लागली. स्पेनमधील ग्रंथकार मिगेल द उनामुनो ह्यानें १९०२ सालीं शास्त्रीय बालसंगोपनाची टर उडविणारी एक कादंबरी लिहिली आणि तिच्या शेवटीं कागदी पक्ष्यांच्या शास्त्रावर एक प्रबंधच जोडला. त्या विनोदाचा रोख ज्यांस समजेल त्यांस आमचें म्हणणेंहि समजेल.

हिंदुस्थानांत ही पद्धति निरनिराळ्या वाटांनीं आली. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर पंडिता रमाबाईंचें नांव आधीं घेतलें पाहिजे. १८८६ ते १८८८ ह्या अमेरिकेंतील वास्तव्यांत त्यांनीं बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला, आणि १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. विधवा स्त्रीला शिक्षिका करावयाचें, तर तिला लहान मुलांस शिकविण्याची शास्त्रशुद्ध विद्या दिली पाहिजे, हा त्यांतील विचार त्या काळीं किती पुढचा होता हें निराळें सांगावयास नको.

परंतु घडीच्या इतिहासांत खरी मोलाची भर घातली ती मद्रास इलाख्यांतील एका गृहस्थानें. टी. सुंदर राव ह्यांचें कागदाच्या घड्यांतून भूमिति शिकविणारें इंग्रजी पुस्तक १८९३ सालीं मद्रास येथें छापलें गेलें. ह्या पुस्तकाची कल्पना आपणांस बालोद्यानाच्या आठव्या पेटीवरून सुचली, असें ग्रंथकार प्रारंभींच सांगतात. त्या पेटींत दोनशें रंगीत चौरस कागद, घडी दाबण्याची पट्टी आणि सूचनांचीं चित्रें असत. लहान मुलांच्या खेळण्याची ती पेटी हातीं घेऊन ह्या गृहस्थांनीं चौरसापासून प्रारंभ केला, आणि समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन, श्रेढी अशीं प्रकरणें लिहीत ते शांकवांपर्यंत जाऊन पोंचले. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन ह्यानें १८९५ च्या आपल्या ग्रंथांत ह्या पुस्तकाचा उल्लेख केला. त्यावरून अमेरिकेंतील बीमन व स्मिथ ह्या अध्यापकांचें त्याकडे लक्ष गेलें, आणि त्यांनीं संपादिलेली आवृत्ति १९०१ सालीं शिकागोस निघाली. आपल्या देशांत छापलेल्या पुस्तकाचा गुण परदेशच्या वाटेनें आपणांस कळावा, हा अनुभव नवा नाहीं.

ह्या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण त्याच्या पहिल्याच प्रकरणांत आहे. पेटींतील कागद तयार चौरस असत. सुंदर राव मात्र वेड्यावांकड्या फाटक्या तुकड्यापासून आरंभ करतात. त्याची एक घडी घालावी, तीच सरळ रेषा; ती रेषा तिच्यावरच दुमडावी, तोच काटकोन; आणि अशा रीतीनें चौरस हाताशीं येतो. सरळ रेषा म्हणजे काय आणि काटकोन म्हणजे काय हें येथें व्याख्येनें सांगितलें जात नाहीं, तें हातून घडतें. पट्टी नको, गुण्या नको, कंपास नको. आम्ही तर असें म्हणूं कीं मुलाला चौरस कागद आयता देणें म्हणजे त्याच्या वांट्याचा पहिला शोध आपण लावून टाकणें होय.

एक उदाहरण घेऊं. चौरसाचे चारी कोपरे मध्याशीं आणा. नवा चौरस जुन्याच्या बरोबर निम्मा होतो. तो निम्मा कसा, हें मोजपट्टीशिवाय दिसतें, कारण दुमडलेल्या चार त्रिकोणांनीं खालचा चौरस तंतोतंत झांकला जातो. पुन्हा कोपरे आणा : चतुर्थांश. पुन्हा आणा : अष्टमांश. निम्मा, पाव, अर्धपाव, छटाक हीं जुनीं मापें ज्या हिशोबानें उतरतात तोच हा हिशोब. आणि हे सगळे भाग बेरीज करीत गेलें तर एकाच्या जवळ जवळ जातात, पण कितीहि वेळ चालविलें तरी एक पुरा होत नाहीं, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना कागद जाड होऊं लागला कीं कळूं लागते. पुढें १९३६ सालीं मार्गेरिता बेलोक ह्या इटालियन विदुषीनें दाखविलें कीं केवळ पट्टी-कंपासानें न सुटणारीं घन-समीकरणेंहि घडीनें सुटतात. एतावता, ज्यास आपण शिशुवर्गांतील करमणूक म्हणतों तिचा तळ अद्याप कोणास पुरता लागलेला नाहीं.

दोषहि सांगितला पाहिजे. प्रस्तावना संपली कीं ह्या पुस्तकांतून मूल हळूहळू नाहींसें होतें. उत्तरार्धांत बीजगणिताचें ओझें वाढतें. वक्रांच्या प्रकरणांत तर घडी हें निमित्तमात्र उरून बिंदु काढून जोडणें हेंच मुख्य होतें. भिरभिरें आणि होडी हीं ग्रंथकारांस केवळ उंबरठा वाटलीं. तीं ओलांडून ते आंत गेले आणि परत फिरले नाहींत. फ्रोबेलचीं तीन रूपें एका घडींत नांदत होतीं. शिष्यांनीं त्यांतील जीवन व सौंदर्य ह्यांची पाठमाला केली, सुंदर रावांनीं ज्ञान तेवढें उचललें. दोहों बाजूंनीं घडी उसवली असा आमचा अभिप्राय आहे. तरीहि दोहोंत निवड करावयाची झाली तर आम्ही सुंदर रावांच्या बाजूस राहूं. त्यांच्या हातीं घडी लहान झाली नाहीं, मोठी झाली.

आतां वादाकडे वळूं. मादाम माँटेसोरी ह्यांनीं १९०७ सालीं रोम येथें आपलें बालगृह उघडलें आणि १९०९ सालीं आपल्या पद्धतीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत फ्रोबेलच्या हस्तव्यवसायांची त्यांनीं कठोर झडती घेतली आहे. विणणें आणि पुठ्ठ्यावर टांके घालणें हीं कामें लहान मुलांच्या डोळ्यांस अपायकारक ठरवून त्यांनीं बाजूस सारलीं, आणि कागदाच्या घड्यांना एका वाक्यांत निकालांत काढलें. त्यांचा आशय असा कीं घडी घालणें हा हाताचा व्यायाम आहे, तें काम नव्हे. कामानें जगांत कांहीं उपयोगी वस्तु उरली पाहिजे.

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्या वर्गांत चाळीस मुलें एकाच वेळीं एकच कोपरा दुमडतात, तेथें तो शब्दशः खरा आहे. तथापि ह्याच बाईंच्या पद्धतींत हातरुमाल व फडकीं नीट घडी करून ठेवणें हा जीवनव्यवहाराचा पाठ म्हणून सन्मानानें नांदतो. म्हणजे वैर घडीशीं नव्हते, निरर्थक घडीशीं होतें. मग प्रश्न असा उरतो कीं कागदाच्या घडीला अर्थ कोण देतो ? वस्तूची उपयुक्तता कीं मुलाचा हेतु ? पहिल्या पावसांत ओहोळावर सोडण्यासाठीं जें मूल होडी करतें त्याच्या लेखीं ती होडी पुरती उपयोगी आहे. ती उलटली तर तें खालची घडी रुंद करून पाहतें, बुडाली तर जाड कागद शोधतें. हें काम नव्हे तर दुसरें काय ? उलट भिंतीवर टांगण्यासाठीं बाईंनीं करून घेतलेलें भिरभिरें वर्षभर टिकलें तरी तो व्यायामच. निकष वस्तूंत नाहीं, हेतूंत आहे, आणि येथें आम्ही मादाम माँटेसोरींपासून वेगळे होतों.

महाराष्ट्रांत माँटेसोरींचा विचार रुजविणाऱ्यांनीं तो जसाच्या तसा रुजविला नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. ताराबाई मोडकांनीं गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरास काम केलें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ सालीं ताराबाईंनीं बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें, तेथें अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर तें काम पुढें चाललें. परदेशी साधनांच्या महाग पेट्या खेड्यांतील मुलांस कोठून मिळणार, हा प्रश्न त्यांनीं टाळला नाहीं. खडे, बिया, पानें, शिंपले ह्यांतून साधनें उभीं केलीं आणि शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द १९७५ सालापासून सबंध देशाच्या योजनेचा झाला, तो ह्या कामांतून. साधन स्वस्त असावें, हाताशीं असावें आणि मुलाच्या परिसरांतून उगवलेलें असावें, ही त्यांची कसोटी कागदाच्या घडीला लावली तर काय दिसतें ?

हें टिपण आम्ही इंदापूर तालुक्यांतील सणसर येथें बसून लिहीत आहों, म्हणून ती कसोटी येथेंच लावून पाहूं. बारामतीहून इंदापुराकडे जातांना हें गांव लागतें. नीरा डाव्या कालव्याचें पाणी, त्या पाण्यावरचा ऊंस आणि जवळच भवानीनगरचा सहकारी साखर कारखाना, असा हा मुलूख. तुकोबांची पालखी पंढरीस जातांना बारामतीनंतरचा मुक्काम सणसरास करते; वाटेंत काटेवाडीस परीट मंडळी पालखीसाठीं धोतरांच्या पायघड्या अंथरतात. शुभ्र घडी उलगडते, पालखी तिच्यावरून पुढें जाते, आणि लोक तें वस्त्र मोठ्या भावानें पुन्हा आवरून घेतात. लग्नाकार्यांत पळसाच्या पानाचा द्रोण वळणारीं आणि विड्याचें पान चार दुमडींत लवंगेनें टांचणारीं माणसें अजून ह्या बाजूस आहेत. ज्या मुलांनीं हें पाहिलें आहे त्यांस घडी ही परदेशांतून आलेली कला आहे असें सांगणें हास्यास्पद होय. परका होता तो क्रम. घडी आमचीच होती.

ह्याच मुलखांत दिवाळीच्या सुमारास ऊंसतोड कामगारांचे तांडे येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं मुलें. अर्धें वर्ष एका गांवीं, अर्धें दुसऱ्या. त्यांच्यासाठीं साखरशाळांचे प्रयत्न झाले, ते योग्यच. पण अशा मुलाच्या सोबत प्रवास करील असें साधन कोणतें ? पेटी नव्हे; पाटीसुद्धां फुटते. सामानाच्या कागदी पिशवीचा तुकडा मात्र कोपीपाशीं सांपडतो, आणि शिकलेली घडी हातांत राहते. ती मोठ्या बहिणीकडून धाकट्या भावाकडे जाते, भाषेची अडचण येत नाहीं, वर्षाचा खंड पडला तरी चालतें. सुंदर रावांचा वेडावांकडा तुकडा आठवा. त्यांनीं तो भूमितीच्या शुद्धतेसाठीं घेतला होता. येथें तो गरिबीच्या सोयीचा ठरतो. दोन्ही कारणें एकाच पाठाकडे नेतात.

१९७५ नंतर बालशिक्षणाचा पसारा वाढला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ ह्या वयाचा पायाभूत टप्पा मान्य केला. २०२३ सालीं ‘जादुई पिटारा’ ह्या नांवाची खेळण्यांची व चित्रपत्रांची पेटीहि निघाली. पुण्यांत अरविंद गुप्ता ह्यांनीं टाकाऊ वस्तूंतून खेळणीं करण्याचा जो प्रसार केला, त्यांत कागदाच्या घड्यांना मोठें स्थान आहे. ह्या सर्व प्रयत्नांचें आम्ही स्वागत करतों. तथापि पेटी आली कीं पेटीचा शिष्य येतो, हा फ्रोबेलच्या वेळचा धडा विसरतां येत नाहीं. अनेक ठिकाणीं स्नेहसंमेलनापूर्वीं मुलांच्या नांवानें मांडलेल्या घड्या बाईंनीं किंवा आईबापांनीं रात्रीं बसून केलेल्या असतात. त्यांच्या कडा सरळ असतात, रंग जुळलेले असतात, आणि मुलाचें बोट त्यांस लागलेलें नसतें. अशी घडी पाहून आम्हांस वाईट वाटतें तें कलेसाठीं नव्हे, मुलासाठीं. आपली वांकडी होडी लपविण्यासारखी आहे असें त्यास चार वर्षांच्या वयांत शिकविलें जातें.

म्हणून आमची सूचना थोडी आणि साधी आहे. बालवाडीच्या शिक्षिकांच्या अभ्यासक्रमांत सुंदर रावांच्या पुस्तकाचें पहिलें प्रकरण, केवळ तेवढेंच, हातीं कागद देऊन शिकवावें. मुलांना चौरस आयता देऊं नये. भिरभिऱ्याच्या घडीपर्यंत आणून तेथें शिक्षिकेनें थांबावें आणि पुढें काय करावयाचें तें मुलांस ठरवूं द्यावें. पांच मुलांच्या पांच वस्तु झाल्या तर पाठ साधला असें मानावें. आणि सरतेशेवटीं प्रत्येक घडी एकदां उलगडून तिच्या रेषा पाहाव्या. हें उलगडणें आपल्या शाळांतून बहुधा होतच नाहीं, कारण उलगडलें कीं प्रदर्शनाची वस्तु नाहींशी होते. पण आमच्या भाषेनेंच सांगितलें आहे कीं जी उलगडत नाहीं ती घडी नव्हे. घडी मोडून सपाट केलेला तो सुरकुतलेला कागद, त्यावरच्या सोळा चौकोनांसह, मुलाच्या हातीं परत द्यावा. पुढची वस्तु तें त्याच कागदाची करील.